सहा किलो नऊशे ग्रॅम

रचून सांगणं मला जमत नाही. जे झालं तेवढंच सांगतोय. पटलं नाही तर सोडून द्या, पण हसू नका. ज्या पोरीवर हे बेतलं ती माझी सख्खी मावसबहीण आहे. आणि शेवटचा भाग तर माझ्याच पाठीमागं घडलाय.

गेल्या वर्षीचा जून. सोळा तारीख, सोमवार. सकाळचे साडेसहा. वाळूजला सत्यभामा मावशीचं दोन खोल्यांचं घर.

मावशीची पोरगी करुणा वजनकाट्यावर उभी राहिली.

एकोणपन्नास किलो नऊशे ग्रॅम.

सलग अकरावा दिवस... तोच आकडा.

करुणा जुडो खेळायची. वय एकवीस. तिचा गट अठ्ठेचाळीस किलोचा. स्पर्धेआधी वजन होतं, आणि शंभर ग्रॅम जरी जास्त भरलं तरी पोरगी बाहेर. खेळाडू म्हणतात, वजनात बसलं पाहिजे. राज्याच्या संघाची निवड सव्वीस जूनला होती. हातात दहा दिवस, आणि उतरवायचे होते जवळजवळ दोन किलो.

एरवी ती एवढं आठवड्यात उतरवायची. या वेळी तिनं आधी भात सोडला, मग भाकरी, मग मीठ. शेवटी दिवसाला दोन उकडलेली अंडी आणि घोट घोट पाणी. गाल आत गेले. गळ्याखालची हाडं मोजता यायला लागली. मावशीनं तिची ट्रॅकपँट दोनदा आत घेतली, तरी ती कमरेवर ठरेना.

आणि आकडा हलत नव्हता.

तो काटा साधा नव्हता. मोबाईलला जोडलेला होता. त्यावर अनवाणी उभं राहिलं की तळव्यांतून बारीकसा करंट जातो, आणि अंगात चरबी किती, पाणी किती, स्नायू किती, ते मोबाईलवर उमटतं. कोण उभं आहे तेही तो ओळखतो आणि त्याच्या नावावर नोंद करतो. कोच पुंडलिक सरांनी तो दोघींना मिळून दिला होता.

करुणा आणि तनुजा.

तनुजा अजिंठ्याची. घरी शेती, आई कडूबाई, बाप लहानपणीच गेलेला. सरावासाठी ती दोन वर्षं मावशीकडंच राहिली. दोघी एका खोलीत झोपायच्या, एका ताटात जेवायच्या. गटही दोघींचा एकच. संघात जागा मात्र एकीलाच.

मे महिन्यात, निवडीच्या आदल्या दिवशी, दुपारी तीनच्या उन्हात तनुजा प्लास्टिकचं जाकीट घालून वजन उतरवायला पळत होती. एका कंपनीच्या भिंतीमागं कोसळलेली सापडली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. निवड पुढं ढकलली गेली.

त्याच संध्याकाळी करुणानं मोबाईलमधून तिचं नाव पुसलं. मावशीला वाटलं, पोरीला बघवत नसेल.

पहिल्यांदा आवाज आला तो जूनच्या पहिल्या आठवड्यात.

मावशीच्या घराला लागून एक वर्कशॉप आहे. तिथला पत्रा दाबायचा प्रेस दिवसभर धाड धाड चालू असतो. वाळूजच्या माणसाला तो आवाज ऐकूही येत नाही, इतकी सवय. त्या दुपारी करुणा ओट्यापाशी उभी होती, आणि तो आवाज एकदम बंद झाला.

लाईट तर होती. पंखा फिरत होता.

सगळं चिडीचूप... आणि आतल्या खोलीत काटा वाजला.

टिक.

त्यावर कुणी पाय ठेवला की वाजतो, तसा.

ती आत गेली. खोलीत कुणी नव्हतं. काट्यावरचे आकडे विझत होते. काय होते ते तिला दिसलं नाही. प्रेस पुन्हा सुरू झाला. तिनं घड्याळ बघितलं. तीन वाजून दोन मिनिटं.

दुसऱ्या दिवशी तीनला पुन्हा. तिसऱ्या दिवशीही. तिनं वर्कशॉपमध्ये जाऊन विचारलं, तर तिथली माणसं म्हणाली की मशीन सकाळपासून एकदाही थांबलेली नाही.

तिनं कुणाला सांगितलं नाही. तिला फक्त अठ्ठेचाळीस दिसत होतं. बापानं कंपनीत पंचवीस वर्षं रात्रपाळ्या केल्या होत्या, आणि संघात निवड झाली की नोकरी मिळते हे घरातलं सगळ्यात मोठं स्वप्न होतं.

सोमवारी त्याच सकाळी तिनं सरावाच्या हॉलमधल्या काट्यावरही वजन केलं. एकोणपन्नास नऊशे. सरांना वाटलं पोरगी चोरून खातेय. ते रागावले नाहीत, पण एवढं म्हणाले, "काटा खोटं बोलत नाही करुणा. माणूस बोलतं."

करुणानं मान खाली घातली. ती कशामुळं, ते सरांना तेव्हा कळलं नाही.

तिच्या अंगात पाणी साचतंय का ते बघायला सरांनी तिला औरंगपुऱ्यात एका स्कॅन सेंटरला पाठवलं. तिथं माणसाला आडवं झोपवतात, वरून मशीनचा हात फिरतो, आणि हाडं किती, स्नायू किती, चरबी किती, सगळं वेगवेगळं कळतं. मशीनवर रामकिसन नावाचे वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी स्कॅन घेतला. पडद्याकडं बघत बसले. म्हणाले, परत झोप, अजिबात हलू नकोस.

दुसऱ्यांदा घेतला.

मग तिला कोपऱ्यातल्या काट्यावर उभं केलं. एकोणपन्नास नऊशे.

रामकिसन यांनी कागदावर पेनानं बेरीज केली. खोडली. पुन्हा केली. हाडं, स्नायू आणि चरबी, सगळं मिळून भरत होतं त्रेचाळीस किलो.

"बेटा, माणसाच्या अंगात याच्यापलीकडं काही नसतं," ते हळू आवाजात म्हणाले. "मग वरचे सहा किलो नऊशे ग्रॅम कुणाचे?"

ते तिला खाली रिक्षापर्यंत सोडायला आले. रिक्षावाल्याला म्हणाले, सावकाश ने.

ती घरी पोचली तेव्हा तीन वाजत आले होते. मावशी ताट वाढून बसली होती. लई झालं, म्हणाली, आता जेव, खड्ड्यात गेला तो संघ. करुणा ऐकेना. ती सरळ आतल्या खोलीत गेली आणि काट्यावर चढली. मावशी तिच्यामागं गेली.

एकोणपन्नास नऊशे.

करुणा तिथंच रडायला लागली. मावशीनं तिला काखेत धरून काट्यावरून उचललं. नंतर मावशी मला म्हणाली की पोरगी रिकाम्या घागरीसारखी हाताला आली, माझी मीच दचकले.

तेवढ्यात प्रेसचा आवाज थांबला.

काट्यावर आता कुणी नव्हतं. आकडा शून्यावर यायला पाहिजे होता...

आला नाही.

सहा किलो नऊशे ग्रॅम.

मग सहा आठशे. मग सात. पुन्हा सहा नऊशे. उभं राहिलेलं माणूस या पायावरून त्या पायावर झालं की आकडा हलतो ना, तसा तो हलत होता.

करुणाच्या हातातला मोबाईल वाजला. मावशीनं तो घेतला आणि वाचला.

नवीन नोंद... तनुजा.

मावशीच्या घरात भूतखेत, उतारा, असलं काही मानत नाहीत. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे, त्याच्यासमोर असलं बोलायचीही कुणाची हिंमत नाही. पण मावशी आई आहे. तिनं काट्याकडं बघितलं, मग पोरीकडं. एकच विचारलं.

"तू काय केलंस तिला?"

तेव्हा करुणानं सांगितलं.

मेच्या त्या दुपारी तनुजा याच काट्यावर उभी होती. दोन दिवस पाण्याचा थेंब नाही. डोळ्यांपुढं अंधारी येत होती, आकडा वाचता येत नव्हता. भिंतीला हात न लावता कशीबशी उभी राहून तिनं विचारलं होतं, करुणा, किती दाखवतंय गं?

दाखवत होतं सत्तेचाळीस नऊशे. ती वजनात बसली होती.

करुणा म्हणाली, "अठ्ठेचाळीस सातशे."

तनुजाला मारायचं तिच्या मनात नव्हतं. तिनं मावशीच्या पायांवर डोकं आपटून तेच तेच सांगितलं. तिला वाटलं होतं, अजून एक चक्कर पळेल, दमेल, उद्या मॅटवर माझ्याकडून हरेल. एवढंच. तनुजानं जाकीट चढवलं आणि बाहेर पडली. संध्याकाळी करुणानं नाव पुसलं, कारण त्या नावासमोर खरा आकडा होता.

मावशीनं मला फोन केला. म्हणाली, मोटारसायकल काढ, उद्या सकाळी हिला अजिंठ्याला ने.

आम्ही निघालो. करुणा पाठीमागं बसली होती. गाडी जड चालत होती. मला वाटलं टायरमध्ये हवा कमी असेल. सिल्लोडला चेक केली. बरोबर होती.

कडूबाई अंगणात तुरी पाखडत बसल्या होत्या. करुणा त्यांच्यासमोर मातीत बसली आणि सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. मी दारापाशी उभा होतो. मला वाटलं, आता ही बाई हिचा गळा धरणार.

कडूबाईंनी सूप खाली ठेवलं.

"मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "काल दुपारीच कळलं."

करुणानं विचारलं, कुणी सांगितलं?

"आली व्हती ती. हितंच दारात उभी राह्यली. लई वाळली व्हती. मी पाणी दिलं तर घेतलं नाय. नुसती म्हनली, आई, मी वजनात बसले व्हते."



करुणानं त्यांचे पाय धरले. काय वाटेल ती शिक्षा द्या, म्हणाली. कडूबाईंनी पाय मागं घेतले नाहीत, आणि तिच्या डोक्यावर हातही ठेवला नाही. मग त्यांनी सूप उचललं.

"मी तिला म्हनलं, ऱ्हा. नाय राह्यली," त्या म्हणाल्या. "जा तुमी आता."

परत येताना सिल्लोडच्या पुढं करुणाला ऊन सोसेना, म्हणून रस्त्याकडंला गाडी थांबवली. दुपारचं ऊन होतं. ती उतरली आणि लिंबाच्या झाडाखाली जाऊन बसली.

पाठीमागचं माणूस उतरलं की गाडी जराशी वर येते. चालवणाऱ्याला ते कळतं.

गाडी वर आली, पण पुरती नाही.

मी हँडल घट्ट धरून तसाच बसून राहिलो. आरशात बघितलं नाही. मागून श्वास नाही, हालचाल नाही, काहीच नाही... नुसतं वजन. जास्त नव्हतं. सहा-सात किलो असेल.

करुणा येऊन पुन्हा बसली. गाडी चालू केली.

करुणानं खेळ सोडला. सरांना तिनं सगळं सांगितलं, पोलिसांतही जाऊन लिहून दिलं. आता ती जेवते. मावशीनं काटा ओढ्यात टाकला. करुणाचं वजन किती झालंय ते कुणी बघत नाही, आणि दुपारी तीनला मावशी घरात थांबत नाही, शेजारी जाऊन बसते.

मी मात्र एका गोष्टीपाशी अडकलोय. वाळूजला पोचलो तेव्हा गाडी हलकी झाली होती. मला ते लगेच जाणवलं. त्या लिंबाच्या झाडापासून निघाल्यावर आम्ही फक्त दोनदा थांबलो होतो. एकदा फुलंब्रीत, चहाला.

आणि एकदा वाटेतल्या माझ्या घरापाशी, मी पाण्याची बाटली भरून घ्यायला आत गेलो होतो तेव्हा...