एकोणीसचा पाढा आणि छाजेड सर

मी ज्याचा कान धरला, तो आमच्या शाळेतला मुलगा नव्हताच!

श्रावणातली भुरभुर चालू होती. धुळ्याच्या बाजूने पांझरा नदीचा पूल ओलांडून मी देवपुरात शिरत होते आणि पुलाच्या टोकाला, पानाच्या टपरीच्या आडोशाला, मला आमच्या दहावी ‘ब’चे तिघे दिसले. टपरीला लोंबणाऱ्या सुंभाच्या पेटत्या टोकाला विड्या लावत होते, मेले. मी छत्री उगारून धावले. दोघं बोळात पसार झाले, तिसरा भटू जागच्या जागी गारठला. चौथा मात्र पाठमोराच, निवांत धूर सोडत उभा. पांढरा शर्ट, कोवळी मान, काडीसारखी अंगकाठी. धरला कान, घेतली सिगारेट, टाकली गटारात.

“नाव काय तुझं?”

“निर्मलकुमार छाजेड.”

“तुकडी?”

“अजून... ठरलेली नाही, बाई.”

“उद्या हेडसरांच्या खोलीत यायचं! वडलांना घेऊन!”

“वडील बोदवडला असतात. एकटा आलो तर चालेल?” तो हळूच वळला आणि मला मिशी दिसली. चांगली भरघोस मिशी! “तसं उद्या यायचंच आहे मला. सायन्सला रुजू व्हायला.”

माझा हात अजून त्याच्या कानावर होता. भटू तोंडावर हात दाबून हसत होता. धरणीने पोटात घ्यावं म्हणतात ना, तसं झालं मला. मी छत्री सावरली आणि निघाले. मागून आवाज आला, “बाई... कान परत दिल्याबद्दल आभारी आहे!”

असला आगाऊ माणूस! घरी पोचेपर्यंत माझे गाल तापलेले होते, आणि ते नुसत्या रागाने नव्हते, हे मी तेव्हा कबूल केलं नसतं.

दुसऱ्या दिवशी हेडसरांनी तिघांना ओळीने उभं केलं. चिमूटभर तपकीर ओढून म्हणाले, “नावं काढतो यांची. शाळेची अब्रू घालवली.”

भटूची आई ताईबाई दाराबाहेर डोळ्याला पदर लावून उभी होती. त्यांच्या घरात दहावीचं तोंड पाहणारा भटू हा पहिलाच. मला राहवेना.

“सर, नावं काढली तर टपरीवर दिवसभर बसायला मोकळेच होतील. मला दिवाळीपर्यंत द्या. मी सोडवते यांची विडी.”

“आणि पुन्हा सापडले तर?”

“तर काढा नावं,” मी बोलून गेले. शब्द गेला तो गेला.

वर्गात मी लांबलचक भाषण ठोकलं. खोकला, छाती, आईबापांचे कष्ट... सगळं झालं. भटूने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, “बाई, बठ्ठं खरं शे. पन तलप येस तव्हय काय करवं? आनि मास्तरलोक बी वढतस ना... त्यासले कोन बोलस?”

मग हळूहळू कळलं. आमचे गुरुजी मधल्या सुट्टीत पोरांनाच टपरीवर पिटाळायचे. विडी पेटवून आण, म्हणायचे. पेटलेली विडी विझू नये म्हणून पोरं वाटेत दोन झुरके मारायची. म्हणजे शिकवलं आम्हीच, आणि नावंही आम्हीच काढणार!

त्या दुपारी मी शिक्षकांच्या खोलीत जाहीर केलं, “यापुढे कुणीही मुलांना टपरीवर पाठवायचं नाही.” सगळे वर्तमानपत्रात डोकी खुपसून बसले. एकटा छाजेड हसला.

“म्हणजे मला स्वतः जावं लागणार?”

“पाय आहेत ना?”

“आहेत की. पण वाटेत तुमच्या वर्गाची खिडकी लागते.”

“मग?”

“मला कानांची काळजी वाटते, बाई.”

मी तोंड फिरवलं. हसू दिसायला नको म्हणून.

पण भटूचा प्रश्न डोक्यातून जाईना. तलफ आली की काय करायचं? उत्तर घरातच मिळालं. चातुर्मास चालू होता. माझी आई, गुलाबबाई, जैन स्थानकात जाऊन साध्वीजींकडून मुठीचा नियम घेऊन आली होती. म्हणजे असं, की काही खायचं झालं तर आधी मूठ वळायची, शांतपणे नवकार मंत्र म्हणायचा, मग मूठ उघडून खायचं. शेवेच्या डब्याजवळ उभी राहून ती मूठ वळायची, पुटपुटायची, आणि कितीदा तरी डबा न उघडताच परत फिरायची.

“का गं, नाही खाल्लीस?”

“म्हणता म्हणता इच्छाच गेली बघ,” आई म्हणाली.

मला एवढंच हवं होतं. मी वर्गाला सांगितलं, “तलफ आली की मूठ वळायची आणि एकोणीसचा पाढा म्हणायचा. चुकलात तर पहिल्यापासून. पाढा संपल्यावरही विडी हवीच वाटली, तर पुन्हा पाढा. आणि एखाद्या दिवशी घसरलातच, तर तोंड लपवायचं नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात यायचं, सांगायचं, आणि पुन्हा सुरू.”

“मारशात नही ना?” भटूने विचारलं.

“नाही मारणार.”

पोरं खो खो हसली. पण मग मैदानात, पाण्याच्या टाकीपाशी, सायकलींच्या आडोशाला वळलेल्या मुठी दिसायला लागल्या. ज्यांना विडीचा वासही ठाऊक नव्हता, तीही पोरं हौसेने पाढा घोकू लागली. गणिताचे गुरुजी चकित झाले.

एकदा मी प्रयोगशाळेच्या मागून जात होते. भिंतीपलीकडून आवाज आला... हळू, अडखळत. “एकोणीस चोक शहात्तर... एकोणीस पंचे पंच्याण्णव... एकोणीस सक... सक...”

“एकशे चौदा!” मी ओरडले.

मग भिंतीवरून ती मिशी वर आली.

“ऐकलंत वाटतं?”

“बी.एस्सी. ना तुम्ही?”

“पाढ्यांना भिऊनच सायन्सला गेलो,” तो म्हणाला, आणि मग गंभीर झाला. “बाई, मलाही सुटत नाहीये. जळगावला कॉलेजात एका नाटकात सिगारेट ओढणाऱ्या बॅरिस्टरचं काम केलं. नाटक संपलं... ही राहिली. मला घ्याल का तुमच्या वर्गात?”

काय सांगू, त्या क्षणी तो मला किती आवडला! दुसऱ्या दिवशी दहावी ‘ब’समोर उभा राहून त्याने हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. पोरांचे डोळे विस्फारले. कुठल्या सरांनी आजवर त्यांना असं काही सांगितलं होतं! “चला, सोबत सोडू,” तो म्हणाला आणि पहिली मूठ त्याने वळली.

मग आमचं रोज पुलापर्यंत एकत्र चालणं सुरू झालं. तो बोदवडच्या दुकानातल्या गमती सांगायचा, मी भांडायचे. पाऊस असला की तो नेमका छत्री आणायला विसरायचा. माझ्या छत्रीत अर्धा भिजत चालायचा आणि वर म्हणायचा, “तुमची छत्री फारच लहान आहे हो.”

“मग उद्या स्वतःची आणा.”

“लहान आहे म्हटलं... वाईट आहे कुठे म्हटलं?”

एका संध्याकाळी पुलाच्या मध्यावर तो थांबला. खाली पांझरा गढूळ, भरलेली.

“बाई, तुम्हाला एक विचारायचंय. पण आत्ता नाही. पूर्ण सुटली की मग.”

“आत्ता विचारलं तर काय बिघडेल?”

“नाही. आधी त्या लायक होऊ द्या मला.”

काय विचारणार होता ते न कळायला मी काही खुळी नव्हते. त्या रात्री मला धड झोप लागली नाही.

आणि दिवाळीच्या तोंडावर सगळं फिसकटलं. हेडसरांना प्रयोगशाळेच्या खिडकीत सिगारेटचं थोटूक सापडलं. तिघांना पुन्हा ओळीने उभं केलं गेलं. पोरं रडकुंडीला आली. भटू शपथा घेत होता, “आम्ही नही सर, देवनी आन!”

“तर काढा नावं, असं तुम्हीच म्हणाला होता ना, बाई?” हेडसरांनी लेखणी उचलली. पोरं खरं बोलताहेत हे मला कळत होतं, पण दाखवू कसं?

“सर, ते थोटूक माझं आहे.”

दारात छाजेड उभा होता. चेहरा पांढराफटक.

“शिक्षक असून?” हेडसर कडाडले.

“शिक्षक असून, सर. कारणही काही नाही. पेपर तपासत होतो, तलफ आली... मूठ वळलीच नाही. मला काय मेमो द्यायचा तो द्या. या पोरांनी महिनोन् महिने विडीला हात लावलेला नाही.”

गप्प राहिला असता तर कुणाला कळलंही नसतं. तिघांची शाळा गेली असती आणि त्याची नोकरी बिनडाग राहिली असती. हेडसरांनी लेखणी खाली ठेवली. तपकिरीच्या डबीकडे गेलेला हात त्यांनी मागे घेतला. “जा रे, वर्गात जा,” ते पोरांना म्हणाले. छाजेडला मेमो मिळाला.

बाहेर आल्यावर भटूने त्याची बाही धरली. “सर, घसरनात ते काय व्हयनं? वर्गमा या.”

तो वर्गात आला, सगळं सांगितलं, पुन्हा सुरूही केलं. पण माझ्यासमोर येईना. शाळा सुटली की दुसऱ्या दाराने निघून जायचा. असे काही दिवस मी सहन केले. मग एकदा घंटेच्या आधीच पुलावर जाऊन उभी राहिले.

तो आला. मला बघून थबकला.

“टाळताय मला?”

“कुठल्या तोंडाने येऊ?” तो खाली बघत म्हणाला. “विचारायचं होतं ते... आता पुन्हा लांबलं, बाई. सगळं पहिल्यापासून.”

“आणि तोवर मी काय म्हातारी होईपर्यंत फळा पुसत बसू?” माझा आवाज चढला. सायकलवाला वळून बघायला लागला, बघू दे! “पोरं घसरली तर आपण म्हणतो, वर्गात ये. मग तुम्हालाच का शिक्षा? तुम्ही विचारू नका. मीच विचारते. माझ्याशी लग्न कराल?”

त्याने पुलाचा कठडा धरला.

“घरी... घरी काय सांगाल? मुलगा सिगारेट ओढतो म्हणून?”

“सोडतोय म्हणून सांगेन. आईला खोटं चालत नाही.”

“आणि पुन्हा घसरलो तर?”

“तर मला येऊन सांगायचं. मी रागावेन. भांडेन. दोन दिवस बोलणारही नाही. पण सोडून जाणार नाही. मला एकट्याने चांगला होऊन येणारा नवरा नकोय हो. मला तुम्ही हवे आहात... आत्ता आहात तसे.”

आम्ही चालत राहिलो. धुळ्याच्या बाजूला दुकानांतून आकाशकंदील लागले होते. पूल संपला, माझी गल्ली आली. आता हा ‘येतो’ म्हणून निघून जाणार, असं वाटलं.

“कुसुम,” तो म्हणाला. त्याचे डोळे ओले होते. “चल. तुझ्या आईला मीच सांगतो.”