बॉनेटची उजवी बाजू

खडी लागून गाडीच्या रंगाचे टवके उडाले होते, एवढंच काम होतं. बॉनेटच्या पुढच्या काठावर सात आणि दिव्याच्या वर दोन, तांदळाच्या कणीएवढे पांढरे ठिपके. बायकोचं, शेवंतीचं, वर्षश्राद्ध गावाला केलं आणि येताना खडीच्या ट्रकमागे सापडलो, त्याचा हा प्रसाद. पावसाळ्याआधी ते भरले नाहीत तर आतला पत्रा गंजतो. म्हणून एका शनिवारी दुपारी जेवून मी लालबागहून शिवडीला निघालो. तिथे गोदामांच्या मागे झेवियरचं पेंटिंगचं गॅरेज आहे.

मी तीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या. गाडीवर ओरखडा दिसला की साहेबलोकांचा आवाज कसा बदलतो, ते मला विचारा. एका साहेबाने तर भर रस्त्यात सुनावलं होतं, "पुन्हा माझ्या गाडीला हात लावायचा नाही." ते वाक्य मी गिळलं, पण पचलं कधीच नाही. निवृत्त झाल्यावर स्वतःची मरून रंगाची गाडी घेतली, तेव्हा चाळीत माझी टिंगल व्हायची, गुणाजी बायकोपेक्षा गाडीला जपतो म्हणून. मी हसायचो. टिंगल कसली, खरंच होतं ते.

झेवियरने टवके बघितले आणि मग त्याची नजर बॉनेटच्या डाव्या बाजूला गेली. तिथे बारीक गोल गोल चरे होते, एकात एक गुंतलेले. बरोबर मध्यावर येऊन ते थांबले होते. उजवी बाजू आरशासारखी साफ.

"काका, हे काय? कोणी भांडी घासली काय याच्यावर?"

"हो," मी म्हटलं.

तो हसला. मी हसलो नाही. त्याने चऱ्यांवरून नख फिरवलं. नख कुठेच अडकलं नाही. "वरवरचे आहेत, काका. पॉलिश मारतो. अर्ध्या तासात गायब."

"टवके भर. त्या चऱ्यांना हात लावू नकोस."

अर्ध्या तासाचं काम आहे, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. त्या दिवशीही ठाऊक होतं.

ती दसऱ्याची सकाळ होती. मी हार आणायला गेलो होतो. परत येतो तर शेवंती रस्त्यात पदर खोचून उभी, एका हातात बादली, दुसऱ्या हातात भांड्यांची हिरवी घासणी. पूजेची तांब्याची भांडी घासावीत तशी ती माझं बॉनेट घासत होती. मला बघून तोंडभर हसली. "ओ, बगा तरी, कशी चकचकीत करतंय गाडी!"

मी काय बोललो असेन, ओळखा. साहेबाचं ते वाक्य, त्याच आवाजात. सगळी चाळ गॅलरीत उभी होती. घासणीचा आवाज थांबला. तिने बादली उचलली आणि निघून गेली.

त्यानंतर तिने गाडीला खरोखरच हात लावला नाही. कुठे जायचं असलं तर हातावर पदर घेऊन दार उघडायची, पदरानेच ओढून लावायची. मग पदर दारात अडकायचा आणि रस्त्यातले मोटारसायकलवाले ओरडून सांगायचे. मला वाटायचं, किती हा ताठा! "चुकलो" म्हणायला मला एक मिनिट लागलं असतं. पाच महिने गेले आणि मी काही ते म्हटलं नाही.

झेवियरने बारीक ब्रशने टवके भरले. त्याची पेंटची खोली म्हणजे पत्र्याची शेड, आणि चारी बाजूंनी जाड प्लास्टिकचे पडदे. पंखा बंद. छताला दोन ट्यूबलाइट. थिनरच्या वासाने डोकं जड होत होतं.

"सुकेपर्यंत पडदा उघडू नका हां, काका. धूळ बसेल. मी जेवून येतो."

तो गेला. बाहेर एका ट्रकचं इंजिन बंद झालं आणि मग काहीच ऐकू येईना. मी गाडीसमोरच्या स्टुलावर बसलो होतो. किती वेळ गेला कोण जाणे... थिनरचा वास कमी होत गेला आणि दुसरा एक वास यायला लागला. भांड्यांच्या साबणाचा. त्यात चिंचेचा.

मग आवाज आला.

खस्स... खस्स... खस्स...

गोल फिरणाऱ्या हाताचा आवाज होता तो. प्रत्येक फेरीला दोन काचेच्या बांगड्या एकमेकींवर आपटत होत्या. बॉनेट माझ्यापासून हातभर अंतरावर होतं. वर ट्यूबलाइट होती. आणि तिथे कोणी नव्हतं.

मी हाक मारली, "शेवंते..."

आवाज थांबला. त्या दिवशी थांबला होता, अगदी तसाच.

माझा आवाज ऐकून ती थांबली होती. मेल्यावरही घाबरून थांबली होती.

ती गेली ती सकाळ सांगतो. फाल्गुन होता, जेमतेम उजाडलं होतं. तिच्या छातीत दुखायला लागलं. मी धावत खाली उतरलो, गाडी चाळीच्या दाराशी आणली. हॉस्पिटल पाच मिनिटांवर. मी आत बसून हॉर्न वाजवत होतो, ती लवकर यावी म्हणून. जिन्याच्या पायऱ्या एकेक करत ती एकटी उतरली. अंगात घरातला गाऊन होता. डाव्या दाराशी आली आणि तिचा हात खांद्याकडे गेला. पदर शोधत होती ती. गाऊनला कुठला पदर? मग हात हँडलकडे आला, आणि वीतभर अलीकडे थांबला. काचेतून तिने माझ्याकडे बघितलं. मी हात लांब करून आतून दार उघडायला एक क्षण पुरला असता. तो क्षण मी हॉर्न वाजवण्यात घालवला. मग काचेत तिचा चेहरा दिसेनासा झाला.

स्टुलावर बसून मी रडत होतो, म्हाताऱ्या माणसाने रडू नये तसा. "शेवंते, चुकलो मी," मी म्हटलं. "घास गं. हवी तेवढी घास... सगळी गाडी घास..."

मग बादलीत घासणी बुडवल्याचा आवाज आला. बांगड्या माझ्या समोरून पलीकडे गेल्या.

खस्स... खस्स...

या वेळी आवाज उजव्या बाजूने येत होता. मी डोळे मिटले आणि ऐकत राहिलो.

झेवियर आला तेव्हा मी तसाच बसलो होतो. तो बॉनेटवर वाकला, सरळ झाला, पुन्हा वाकला. "काका... ही बाजू साफ होती ना? मी स्वतः बघितली होती."

उजव्या बाजूवर काठापर्यंत गोल चरे होते. त्याने भरलेले टवके मात्र जसेच्या तसे, ओले, त्यांना धक्कासुद्धा लागला नव्हता. त्याने छातीवर क्रूसाची खूण केली आणि गाडीपासून मागे सरकला.

टवके सुकल्यावर निघताना मी आतूनच हात लांब केला आणि डावं दार उघडलं. तसाच थांबलो.

"कोणाची वाट बघताय, काका?" झेवियरने लांबूनच विचारलं.

थोड्या वेळाने दार लागलं. खाडीचा वारा असेल म्हणून मी गाडी काढली.

परळच्या अलीकडे सिग्नलला एक मोटारसायकल डाव्या अंगाला येऊन उभी राहिली. पोराने हेल्मेटची काच वर केली आणि टकटक केलं.

"अहो काका, मॅडमचा पदर दारात अडकलाय! रस्त्यावर घासतोय!"

सिग्नल सुटला, तो निघून गेला. मागचे हॉर्न वाजवायला लागले. मी डावीकडे बघितलं नाही, माझी हिंमत झाली नाही. समोर बघूनच म्हटलं, "पदर आत घे. आणि आता हाताने धर गं..."

दार उघडलं, आणि पुन्हा लागलं. माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.