वालोरच्या पोटातलं जायफळ

जायफळ डोक्यात पडलं तेव्हा बुरहान बंदूक वर धरून उभा होता.

टक्... करून पडलं आणि घरंगळत गवतात गेलं. त्यानं वर पाहिलं. केनारीच्या उंच फांदीवर वालोर बसला होता. हिरवी पाठ, राखाडी मान, पोट तट्ट फुगलेलं. रानातलं कबूतर, पण अंगानं चांगलं थोराड. जायफळ अख्खं गिळायचं, वरची लाल जायपत्री पचवायची आणि बी टाकून द्यायची, हा त्याचा धंदा. त्याला हाकलायचा धंदा सध्या बुरहानकडे होता.

तो वाकला. जायफळ उचललं.

"ठेव ते. आमचं आहे."

झाडामागून एक मुलगी पुढे आली. कमरेवर टोपली, डोक्याला घट्ट गुंडाळलेला रुमाल, पोटऱ्यांपर्यंत चिखल.

"तुमचं कसं? आमच्या बागेतून गिळून आणलंय त्यानं."

"मग त्याच्याशी भांड. जमीन आमची आहे."

बुरहाननं मागे पाहिलं. खरंच, पाखराच्या मागे मागे तो बांध ओलांडून आला होता. आय बेटावरची रीत त्याला ठाऊक होती. झाडावरचं फळ बागवाल्याचं, पाखरानं टाकलेलं ज्याच्या जमिनीवर पडेल त्याचं. त्यानं जायफळ गुपचूप तिच्या टोपलीत टाकलं.

"आणि डोकं धुऊन घे," ती म्हणाली. "ते कुठून बाहेर आलंय, कळतंय ना?"

तिचं नाव हालिजा. घरात ती आणि आई. जायफळाचं एकही झाड नाही. होती ती फक्त केनारीची जुनी उंच झाडं, आणि त्यांवर मुक्कामाला येणारे वालोर. दिवसभर ते लोकांच्या बागांत जेवायचे आणि सकाळी हालिजाची टोपली भरलेली असायची. घर त्यावरच चालायचं.

म्हणजे बुरहाननं काम नीट केलं, तर तिच्या घरी काही शिजणार नव्हतं. हे त्याच्या लक्षात आलं, पण जरा उशिरा. तोवर तो रोज बांधावर जाऊन बसायला लागला होता.

"नेम लागत नाही वाटतं तुझा?"

"लागतो की. पण पाखरू तुमच्या हद्दीत जाऊन बसतं."

"मग आमच्या हद्दीत काय बघत बसतोस?"

"पाखरू."

"पाखरू वर आहे."

तो वर बघायचा. ती खाली वाकून हसायची. समुद्रावरून वारा यायचा, ओल्या जायपत्रीचा वास घेऊन... आणि बुरहानला वाटायचं, भुरभुर पाऊस यावा, म्हणजे तिला झाडाखाली थांबावं लागेल.

एक दिवस त्यानं बंदूक चालवलीच नाही. मग दुसऱ्या दिवशीही नाही. वालोर बागेत पाहुण्यांसारखे जेवले.

हालिजा बांधापाशी आली ती काठोकाठ भरलेली टोपली दोन्ही हातांनी धरून.

"हल्ली तुझी बंदूक ऐकू येत नाही."

"छर्रे... ओले झालेत."

"सगळे?"

"हवा दमट आहे ना."

ती हसली नाही. "बुरहान, आम्ही पाखरांनी टाकलेलं उचलतो. माणसांनी टाकलेलं नाही."

एवढं म्हणून ती वळून गेलीसुद्धा.

त्याच आठवड्यात बापानं, म्हणजे बुरहानच्या वडिलांनी, बागेत फेरी मारली. गुडघा दुखत असल्यामुळे तो महिनाभर फिरकला नव्हता. अर्धी झाडं मोकळी बघून तो बुरहानला शिव्या देईल असं वाटलं होतं. दिल्या नाहीत. तेच वाईट होतं.

"इथे हाकलून उपयोग नाही," बापा म्हणाला. "झोपतात तिथेच टिपू. मी गावातल्या दोघांना सांगितलंय, त्यांच्या बंदुका घेऊन येतील. पण झाडं दुसऱ्याची आहेत, विचारायला हवं. तू जा."

"नाही म्हणाल्या तर?"

"जायफळ सुकवतात कुठे त्या? आपल्या धुरीच्या खोलीत. नाही कशा म्हणतील?"

बुरहान अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून गेला. हालिजाच्या आईनं ओसरीवर बसवलं, कॉफी दिली, सोबत साखरेत मुरवलेल्या जायफळाच्या सालीच्या फोडी दिल्या. हालिजा दारात जायफळं निवडत बसली होती. वर बघत नव्हती.

बाहेर वालोर परतायला लागले. जड पंखांचा फडफडाट, मग पानांत घुमणारा तो खोल आवाज.

"मावशी, बापानं विचारायला पाठवलंय. या झाडांवर बंदूक चालवू का म्हणून."

निवडणारे हात थांबले.

मावशी कपाकडे बघत राहिली. धुरीची खोली तिच्या डोळ्यांसमोर असणार, हे बुरहानला दिसत होतं.

"मावशी... तुम्ही नाही म्हणा."

"हे बापानं सांगितलंय?"

"नाही. हे माझं."

"तुझा बापा खोली बंद करेल."

"मी तुमच्या अंगणात नवी बांधून देतो."

"पुन्हा दया," दारातून हालिजा म्हणाली.

"दया नाही गं. बंदूक बंद ठेवली तेव्हाही नव्हती. तू लवकर टोपली भरून घरी जायचीस, उलट माझंच नुकसान." तो थांबला. कान गरम झाले होते. "मावशी, अजून एक विचारायचंय. हेही माझंच आहे. याला मात्र नाही म्हणू नका."

मावशीनं त्याच्याकडे पाहिलं. मग लेकीकडे. लेक एकच जायफळ मघापासून पुसत होती.

"हे मला विचारतोय की तुला?"

"आई, आधी पहिल्याचं उत्तर दे."

"पहिल्याचं काय... नाही. आमच्या झाडांवर बंदूक चालणार नाही. सांग तुझ्या बापाला."

"आणि दुसऱ्याचं?" बुरहाननं विचारलं. दाराकडे बघून.

"दुसरं विचारायला मोठी माणसं येतात," हालिजा म्हणाली. आता ती सरळ त्याच्याकडे बघत होती. "बापाला घेऊन ये."

"असलं उत्तर ऐकल्यावर येईल तो?"

"लगेच नाही येणार."

"मग?"

"मग बोलावत राहा. मी कुठे जाणार नाहीये."

मावशी उगाचच कप घेऊन आत गेली. कप अजून अर्धा भरलेला होता. ओसरीवर दोघंच उरले. हालिजानं फोडींची बशी त्याच्याकडे सरकवली. त्यानं एक घेतली. तिनं एक घेतली... इतकंच.

घरी जाताना बुरहान मुद्दाम हळू चालला. बापाला दोन उत्तरं सांगायची होती. एकानं तो भडकणार होता आणि दुसऱ्यासाठी त्यालाच दुखऱ्या गुडघ्यानं ही वाट चढून यावं लागणार होतं.

बांधापाशी पोचेपर्यंत त्याचं ठरलं. आधी दुसरं सांगायचं.