झोपेची आई

"माझा गाऊन आहे तो."

दाराच्या चौकटीला टेकून वहिनी एवढंच म्हणाली, आणि गुंड्याला थोपटणारा बेबीचा हात हवेतच राहिला. भर दुपारी पडदे ओढलेली खोली, बेबीच्या अंगात निळ्या फुलांचा तो विटलेला गाऊन, कुशीत अडीच वर्षांचं पोर, आणि ते पोर डोळे मिटून, अर्धवट झोपेत, लाडात येऊन म्हणत होतं, "आई, पाठ खाजव." वहिनीनं हे सगळं पाहिलं होतं, ऐकलं होतं... वर्ष-सव्वा वर्षानं ती आपल्या घरात पाऊल टाकत होती. येणार होती संध्याकाळी. पण रुग्णालयातल्या लोकांनाही सुट्टीचे वेध लागले होते, त्यांनी सकाळीच निरोप दिला, आणि नवऱ्याला कळवून त्याच्या कामाचा खोळंबा करण्यापेक्षा ती एकटीच गाडी करून आली. पोरांना चकित करायचं म्हणून. चकित कोण झालं ते दिसतच होतं.

"हो वहिनी, तुझाच," बेबी उठून बसत म्हणाली. "ये ना आत. अशी दारात का उभी?"

"माझ्याच घरात मला ये म्हणतेस?" वहिनीचा आवाज चढला नाही, चढायला छातीत तेवढा दम उरला नव्हता. "गाऊन घेतलास, पलंग घेतलास, आता हाकही घेतलीस. माझ्यासाठी काय शिल्लक ठेवलंस तेवढं सांग. म्हणजे कुठे बसायचं ते मला कळेल."

बेबी म्हणजे दादाची धाकटी बहीण. घरात सगळ्यांत लहान म्हणून बेबी. तिशी उलटली, कानाशी पांढरे केस डोकावू लागले, तरी बेबीच. अशा नावाच्या माणसाकडून लोक कामं मोठ्याची करून घेतात आणि मत विचारायची वेळ आली की त्याला लहान ठरवतात. वहिनीचं छातीचं दुखणं निघालं, दूरच्या रुग्णालयात राहणं आलं, पोरांना जवळ आणायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं, तेव्हा घरात चर्चा अशी झालीच नाही. दादानं नुसतं बहिणीकडे पाहिलं, आणि बेबीनं दुसऱ्या दिवशी बेकरीच्या काउंटरवरचं काम सोडलं. "तू होतीस म्हणून निभावलं," असं दादा अधूनमधून म्हणायचा. म्हणायला त्याचं काही जात नव्हतं. गावभरचे गळके नळ नीट करणारा हा माणूस. त्याच्या स्वयंपाकघरातला नळ मात्र सदा टिपटिपत असायचा, आणि बेबीनं त्याच्याखाली एक पातेलं कायमचं ठेवून दिलं होतं.

पोरं दोन. मोठी सात वर्षांची. खेळणीसुद्धा ओरडून रांगेत बसवायची म्हणून तिला सगळे मास्तरीण म्हणत. तिला आई लख्ख आठवत होती. गुंड्याचं तसं नव्हतं. फोनवर वहिनीचा चेहरा दाखवला की तो फोन हिसकावून उलटा करायचा, मागे आई आहे का ते बघायचा, आणि ती नाही म्हणून असा टाहो फोडायचा की तिकडे वहिनीला खोकल्याची उबळ यायची आणि इकडे बेबीला फोन बंद करावा लागायचा. शेवटी डॉक्टरच म्हणाले, फोनवर चेहरा दाखवणं तूर्त थांबवा. त्याच दुपारी बेबीनं कपाटातून वहिनीचा न धुतलेला गाऊन शोधून काढला. पडदे ओढले. म्हणाली, "गुंड्या, आत्या कामाला गेली हं. डोळे मीट. आई येतेय." आणि गाऊन चढवून, वहिनी गुणगुणायची तेच गुणगुणत, त्याच्या शेजारी येऊन पडली. पोरानं गाऊनच्या बाहीत नाक खुपसलं, एक लांब उसासा टाकला, आणि झोपलं.

तेव्हापासून घरात दोघी नांदू लागल्या. दिवसाची आत्या, आणि पडदे ओढले की येणारी दुसरी. मास्तरणीनं तिचं नाव ठेवलं होतं झोपेची आई, आणि नियमही घालून दिला होता: झोपेच्या आईकडे डोळे उघडून बघायचं नाही, नाहीतर ती येत नाही. गुंड्या नियम पाळायचा. उठला की बेबी पुन्हा साध्या कपड्यांत. चुकून त्यानं उजेडात 'आई' म्हटलंच तर ती त्याचं नाक चिमटीत धरून सांगायची, "मी आत्या. आई वेगळी. आई येणार आहे."

हे सगळं ती वहिनीला तिथल्या तिथे सांगू शकली असती. जिभेच्या टोकावर आलंही होतं. पण माणूस त्याग करताना एका हातानं देतो, तेव्हा दुसऱ्या हातात काय येतंय याकडे काणाडोळा करतो. बेबीला आता तो दुसरा हात दिसत होता. ती पहिली दुपार खरोखर वहिनीसाठी होती. पण पुढच्या दुपारी? जेवणं आटोपली की आपली पावलं त्या पडद्यांकडे इतक्या लगबगीनं का वळायची? ती एक हाक ऐकण्यासाठी, जी उजेडात ऐकायची तिला मुभा नव्हती... वहिनीचं बोलणं जहरी होतं, पण पूर्णपणे खोटं नव्हतं. आणि जे पूर्णपणे खोटं नाही त्यावर बाजू काय मांडायची?

तिनं गाऊन उतरवला, घडी केली आणि वहिनीच्या हातात दिला. "आता तुझ्याजवळ झोपव," इतकंच म्हणाली.

गुंड्या जागा झाला. समोरच्या बाईकडे त्यानं टक लावून पाहिलं, आणि धावत जाऊन आत्याच्या पायांना विळखा घातला. वहिनीचे पुढे केलेले हात तसेच राहिले. त्या क्षणी बेबीच्या मनानं निकाल दिला. आपण या घरात आहोत तोवर हे पोर तिच्याकडे जायचं नाही.

संध्याकाळी दादा आला. बायकोला पाहून हरखला, दोघींचे चेहरे पाहून वरमला, आणि अशा वेळी पुरुष जे करतात तेच त्यानं केलं. हातपाय धुवायला निघून गेला. जेवताना बेबी म्हणाली, "दादा, बेकरीचे मालक कधीपासून बोलावतायत. सुट्टीची गर्दी आहे, माणूस मिळत नाही. वरची खोलीही देतो म्हणतात. उद्या जाते."

"आत्ता? सुट्टीत?" दादानं एकदा बहिणीकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. "बघ बाई. तुला बरं वाटेल तसं."

सकाळी बेबी पिशवी भरत होती तेव्हा मास्तरीण पलंगावर पाय हलवत बसली होती. शाळा बंद, बाहेर दुकानादुकानांवर दिव्यांच्या माळा, शेजारच्यांकडे पाहुण्यांचा कल्ला.

"आत्या, सुट्टीत लोक घरी येतात," ती म्हणाली. "तू उलटी का जातेस?"

"बेकरीत सुट्टीत जास्त काम असतं गं."

"खोटं. तू कालपासून डोळे पुसतेस ते मला दिसत नाही का?"

"ऐक. झोपेच्या आईचं कुणाला सांगायचं नाही. आईला तर मुळीच नाही."

"का?"

"तिला वाटू दे ना," बेबी पिशवीचे बंद आवळत म्हणाली, "की झोपेत गुंड्याला तीच आठवत होती."

गुंड्या अंगणात चाकाची गाडी ओढत होता. ती मागच्या दारानं गेली.

वहिनीनं त्याच दिवशी तो गाऊन उकळत्या पाण्यात टाकला. रुग्णालयात राहून तिला तशी सवयच लागली होती, प्रत्येक कापड उकळून काढायची. आणि खरं सांगायचं तर त्यातून नणंद उकळून निघावी हाही हेतू होता. दुपारी वाळलेला कडक गाऊन घालून ती गुंड्याशेजारी पडली. त्यानं डोळे घट्ट मिटले, बाहीला नाक लावलं, आणि तोंड फिरवलं. "ही नाही," म्हणाला.

मग सुट्टीचे ते दिवस जे गेले ते कुठल्या घराच्या वाट्याला येऊ नयेत. पोर दुपारी झोपेना, रात्री रडून रडून थकलं की जमिनीवरच आडवं व्हायचं. वहिनी जवळ गेली की मागे सरकायचं. दिवसभर दाराशी आत्याची एक जुनी चप्पल मांडीवर घेऊन बसायचं. वहिनीनं चित्रांची पुस्तकं आणली, दादानं शिट्टी वाजवणारी आगगाडी आणली. गुंड्यानं आगगाडी दाराच्या फटीतून बाहेर ढकलली, आत्याला आणायला. सव्वा वर्ष खाटेवर पडून वहिनीनं एकच चित्र रंगवलं होतं, आपण दारात उभ्या आहोत आणि दोन पोरं धावत येतायत... त्या एका चित्रावर तिनं कडू औषधं गिळली होती, जगून दाखवलं होतं. आणि आता तिच्याच पोटचा गोळा तिला पाहून भिंतीकडे तोंड करत होता.

"मी तुला नको आहे का रे?" एका दुपारी तिचा बांध फुटला. "मग मला बरं तरी कशाला केलं?"

मास्तरीण कोपऱ्यात रंग भरत होती. तिनं खडू खाली ठेवला.

"तू गाऊन धुतलास ना," ती खालच्या आवाजात म्हणाली. "त्यातली आई धुऊन गेली."

"कोण आई?"

"तूच. म्हणजे आत्या. म्हणजे... आत्या व्हायची तू." आणि दिलेला शब्द मोडतोय म्हणून रडत रडत तिनं सगळं सांगितलं; पडदे, गुणगुणणं, डोळे न उघडण्याचा नियम. "आत्या रोज म्हणायची, आई वेगळी, आई येणार आहे. तिनं तुझं काही घेतलं नाही, आई. ती तू व्हायची आणि मग परत ठेवून द्यायची."

वहिनीनं गाऊन उचलून नाकाशी धरला. नुसता साबण.

बेकरीसमोर त्या दिवशी फाटकापर्यंत रांग होती. धाप लागलेली वहिनी रांगेत उभी राहिली. पुढे घुसायचा हक्क आपण गमावलाय असं तिला वाटलं असावं. तिची पाळी आली तेव्हा बेबी खोक्याला दोरी बांधत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "काय देऊ?"

वहिनीनं काउंटरवर गाऊन ठेवला. "एवढा एक रात्र अंगात घालून दे."

"अहो बाई, इथे केक मिळतात, कपडे नाही," मागून एकजण म्हणाला. रांग हसली. मालकानं बेबीचा चेहरा पाहिला आणि तिच्या हातातली दोरी मुकाट्यानं स्वतःकडे घेतली.

पिठाच्या पोत्यांमागे दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या.

"मास्तरणीनं सांगितलं?" बेबीनं विचारलं.

"बोलली नाहीस का तू? मी काय काय बोलले तुला... तोंडावर सांगायचं होतंस."

"काय सांगू, वहिनी? तुझा वास त्या गाऊनमधून पहिल्याच महिन्यात गेला होता. मला कळलं होतं. तरी मी घालत राहिले. नंतर तो झोपायचा तो माझ्याच वासावर." तिनं ओठ दाबून धरले. "तू म्हणालीस ना, हाक घेतलीस? घेतली होती. दुपारपुरती."

वहिनी मग पुढे होऊन बेबीच्या पदराला लागलेलं पीठ झटकत म्हणाली, "मी मेले असते तर पूर्ण घेतली असतीस. आणि मला वर बसून बरं वाटलं असतं. जिवंत आहे म्हणूनच भांडले गं, बेबी." आणि मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, पलीकडे मालक मोठमोठ्यानं गिऱ्हाइकांशी बोलत राहिला, आतलं बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून.

"घरी चल," वहिनी म्हणाली.

"गाऊन येईल. मी नाही. आत्ता नाही," बेबी म्हणाली. "त्याला दोघी एकदम दिसल्या तर तो मलाच धरेल. आणि मी सोडवून घ्यायची नाही."

रात्री ती तो गाऊन घालून झोपली. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेला मागच्या दारानं आली, मास्तरणीच्या हातात घडी दिली, आणि लगेच निघायचं ठरवूनही बोळातच थबकली. आत पडदे ओढल्याचा आवाज. मग वहिनीचं गुणगुणणं, दम कमी पडून मध्येच तुटणारं.

"बाबांनी काल नळ नीट केला," मास्तरीण कानाशी कुजबुजली. खरंच, टिपटिप थांबली होती. दादाची माफी मागायची तीच तऱ्हा. पण त्या शांततेत आता श्वाससुद्धा ऐकू गेला असता, म्हणून बेबीनं पदर तोंडात धरला.

आत गुंड्याची पावलं पलंगापर्यंत गेली. थांबली. पलंग करकरला. बाहीला नाक लावून त्यानं लांब श्वास घेतला... आणि बेबीनं डोळे मिटून घेतले, कारण आता येणारी हाक आपली नव्हे हे तिनं रात्रभर स्वतःला पढवलं होतं.

"आत्या," गुंड्या म्हणाला.

म्हणजे पोराला पहिल्यापासून ठाऊक होतं. गाऊनमध्ये कोण असतं ते ओळखूनच तो मोठ्यांच्या खेळात मोठ्यांना हवं ते म्हणत होता. आत वहिनीचं गुणगुणणं थांबलं. एवढं झाल्यावर, इतक्या कष्टांनी, ही हाक! आता ती उठेल, गाऊन भिरकावेल, असं बेबीला वाटलं.

"हं," वहिनीचा आवाज आला, भरलेला पण स्थिर. "आत्या आलीय. डोळे मीट. आई कामाला गेली आहे, येईल."

"पाठ खाजव."

"खाजवते हं."

थोड्या वेळानं त्याचा श्वास संथ झाला. बेबीनं वाकून चपला उचलल्या, हातात धरल्या, आणि अनवाणीच पायऱ्या उतरून बेकरीच्या रस्त्याला लागली.