कागदाची मागची बाजू

आमच्या दुकानाच्या काचेच्या दारावर ‘ओढा’ असे ठळक अक्षरांत लिहिले आहे, आणि तरीही येणारा प्रत्येक जण ते ढकलतो. त्याने ढकलले नाही. तो बाहेरच थांबला, बोटाच्या पेराने काचेवर दोनदा टकटक केली, कान जवळ नेला… आणि मग दार ओढून आत आला.

“वरची बिजागरी सैल झालीये,” तो म्हणाला. “कुणाला तरी सांगून ठेवा.”

“दार दुरुस्त करायला आलात?”

“फोन घ्यायला आलो. ऐकायची आपली सवय. पूल तपासतो मी, हातोडीनं ठोकून. काँक्रीट आतून सुटलं असेल, तर आवाज पोकळ येतो.”

गल्ल्यावर बसणाऱ्या ताईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. त्या एका नजरेत अख्खा परिच्छेद होता.

त्याने भिंतीवरच्या जाहिरातीकडे बोट केले. ‘फोन मोफत! दरमहा फक्त दोन हजार.’

“हा द्या. पण खरं सांगा, मोफत म्हणजे किती?”

असे आजवर कुणी विचारले नव्हते. आमच्या माहितीपत्रकाची मागची बाजू कोरी असते आणि तिच्यावर पेन्सिलीने पूर्ण किंमत लिहून देण्याची मला खोड आहे. व्यवस्थापकांना ती मुळीच पसंत नव्हती. पण माझा एकही आकडा त्यांना कधी चुकीचा सापडला नव्हता.

मी लिहिले. कराराचे चोवीस महिने, एकूण अठ्ठेचाळीस हजार. वर फोनला कुलूप: दोन वर्षे त्यात आमच्याखेरीज दुसऱ्या कुठल्याही कंपनीचे सिम चालणार नाही. तोच फोन बाजारात बिनकुलपी, रोख एकवीस हजारांना. आमचे साधे सिम महिन्याला पाचशे. फोन धरून दोन वर्षांचे तेहतीस हजार.

“म्हणजे मोफत फोन पंधरा हजारांनी महाग,” तो म्हणाला. “ही जाहिरात पोकळ वाजतेय.”

“हळू बोला… माझे साहेब आत बसलेत.”

तो हसला. हसताना त्याच्या पापण्यांवरची सिमेंटची बारीक धूळ उजेडात चमकली, आणि एक करार गमावल्याचे दुःख मला जितके व्हायला हवे होते तितके झाले नाही.

दुसऱ्या दिवशी तो बिनकुलपी फोन घेऊन आला. सिम मी बसवले. पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला तो पुन्हा समोर उभा.

“रिचार्ज.”

“ते घरबसल्या होतं. फोनवरूनच.”

“ठाऊक आहे. पण फोन कागदाच्या मागे काही लिहून देत नाही.”

मग मी लिहीत गेले. ‘पाचशे.’ त्यानंतरच्या महिन्यात, ‘पाचशे, आणि येण्याजाण्याचा एक तास.’ त्याने माझ्या हातातली पेन्सिल घेऊन तो तास खोडला. “हा किमतीत धरू नका. हा नफा आहे.”

ताईंना त्याच क्षणी खोकला आला.

चौथ्या महिन्यात त्याने माझा नंबर मागितला.

“मी फोनवर बोलत नाही,” मी म्हणाले.

“फोन विकता आणि बोलत नाही?”

“समोर चेहरा नसला की शब्द माझ्याजवळ येतच नाहीत. आईसुद्धा वैतागते. म्हणते, तुझ्याशी बोलण्यापेक्षा भिंत बरी.”

“मग मी येत राहीन,” तो म्हणाला, आणि येत राहिला. त्याच्या बाहीला नदीचा ओला वास असे. महिन्यातले एकोणतीस दिवस हा त्या एका दिवसाकडे जाणारा लांबलचक पूल आहे, असे मला वाटू लागले होते.

सहाव्या महिन्यात तो दोन तारखेलाच आला. काचेवर टकटक न करता.

“या फोनमध्ये… दुसऱ्या देशातलं सिम चालेल?”

“चालेल. त्याला कुलूप नाही. मीच तर तसा घ्यायला लावला.” माझा आवाज स्थिर होता, याचा मला आजही अभिमान वाटतो. “किती दिवस?”

“चोवीस महिने. खाडीवरचा मोठा पूल आहे. सही उद्या करायचीय. तुम्ही नको म्हणालात, तर—”

“तेवढं म्हणणार नाही. लोकांना कुलपापासून वाचवणारी मी, तुम्हालाच कुलूप घालू?”

नोटा मोजणारे ताईंचे हात थबकले. मी माहितीपत्रक ओढले, उलटे केले आणि लिहू लागले.

‘चोवीस महिने. दर रविवारी एक फोन. तो मी करणार. सुरुवातीचे फोन वाईट होतील, मी गप्प बसेन. पूल ऐकतोस तशी ती शांतता ऐक. सहा महिन्यांनी भेट; रजा काढून मी येईन. कुलूप नाही, ज्याला जायचे त्याने केव्हाही जावे. पूर्ण किंमत: तू मला आवडतोस. हे पहिल्याच कागदावर लिहायला हवे होते.’

खाली माझा नंबर.

त्याने ते दोनदा वाचले. मग कागद टेबलावर पसरला, बोटाच्या पेराने त्यावर दोनदा टकटक केली आणि कान अगदी जवळ नेला. त्याचे केस माझ्या मनगटाला लागले.

“काय वाजतंय?” मी विचारले.

“भरीव,” तो म्हणाला. वर पाहिले तेव्हा त्याचे डोळे ओले होते आणि ओठांवर हसू होते. “पण एक आकडा चुकलाय तुझा.”

“शक्य नाही.”

“सहा नाही, तीन. मला पहिली सुटी तीन महिन्यांनी आहे, आणि ती मी इथे, या दारापाशी घालवणार आहे.”

“साहेबांना सांगायलाच हवं,” ताई गल्ल्यावरून म्हणाल्या, “पोरीचा आकडा चुकला एकदाचा!”

मी खोडरबर शोधले, सहा खोडले आणि त्या जागी तीन लिहिले.