पाण्याखाली शिट्टी वाजत नाही

१९७३ सालची गोष्ट. समुद्र-संशोधन केंद्रात लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची नोकरी मला नुकतीच लागली होती. केंद्राची प्रयोगशाळा समुद्राच्या तळाशी. चार संशोधक तिथेच मुक्कामाला असत. किनाऱ्यावरच्या सभागृहात तळाशी तारेने जोडलेला एक माईक, एक स्पीकर आणि मी. मला उत्तर आलं नाही की मी लोकांना म्हणायचे, "खाली विचारून सांगते."

पहिल्याच दिवशी गर्दीतून एका उन्हाने रापलेल्या तरुणाने विचारलं, "तिथे शिट्टी वाजवता येते का हो?"

"न यायला काय झालं? तोंड बरोबर नेतातच की!"

सगळे हसले. तोही हसला. "नाही येत. दाबाने हवा इतकी दाट होते, की नुसती फुंकर निघते. उद्या मीच चाललोय खाली..."

माझे कान तापले. त्याला सगळे पाणबुड्या म्हणत.

मग रोज स्पीकरमधून त्याचा नाकातला आवाज यायचा.

"खाली हवामान कसं आहे?" मी साळसूदपणे विचारायचे.

"ओलं. आणि वर?"

"बरं आहे."

"बरंच असणार. तुम्ही आहात ना तिथे."

हशा पिकायचा. "लोक ऐकताहेत, शोभतं का हे?" मी कुजबुजायचे.

"वर आलो की शिट्टी वाजवीन. मग ठरवा, शोभतं की नाही."

आणि एका दुपारी वादळ आलं. खाली हवा नि वीज पुरवणारा तराफा दोर तोडून वाहून गेला. स्पीकर गप्प झाला. आमचे प्रमुख माझ्या कानाशी वाकले, चेहरा पांढराफटक.

"त्यांचा आवाज येत नाही. आपला जात असावा, ती तार बॅटरीवर आहे. राखीव हवा संध्याकाळपर्यंतच पुरेल. तू बोलत राहा, पोरी. आवाज कापता कामा नये."

लोक पावसामुळे सभागृहातच अडकले होते. एका गृहस्थांनी विचारलं, "काही झालंच, तर ते सरळ पोहत वर का येत नाहीत?"

"त्यांच्या अंगात वायू मुरलेला असतो. एकदम वर आलं तर रक्तात बुडबुडे होतात... सोड्याची बाटली उघडल्यासारखे. जिवावर बेततं. दाब हळूहळू, दिवसभर उतरवावा लागतो."

हे तो ऐकत होता? की ऐकायला तो उरलाच नव्हता—

पहिल्या रांगेतल्या, मांडीवर पर्स धरून बसलेल्या बाई म्हणाल्या, "अगं, त्यांची वर कोणी वाट बघतंय का?"

"खाली विचारून—" माझी जीभ अडखळली. विचारणार कोणाला? मी माईक दोन्ही हातांनी धरला. "हो. एकाची मी बघतेय. त्याने शिट्टी वाजवायचं कबूल केलंय. ऐकतोयस ना? चौघेही निजून राहा, हवा जपून वापरा. मी इथून हलणार नाही."

बाईंनी डोळे पुसले. "बोलत राहा, मुली. आम्ही विचारतो." आणि लोक विचारत राहिले: मासे झोपतात का, समुद्र खारट का... मी उत्तरं देत राहिले.

दिवस मावळताना वादळ ओसरलं. बोटी निघाल्या, हवेची नळकांडी खाली पोचली. चौघे जिवंत होते. पण दाब उतरेपर्यंत वर येणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सभागृहातल्या खुर्च्या लावताना मागून शिट्टी ऐकू आली. बेसूर. मी वळले नाही. वळले असते तर रडले असते.

"सगळं ऐकलं," तो म्हणाला. "सोड्याची बाटलीसुद्धा. फार घाबरवलंत हो!"

"आणि... पुढचं?"

"तेव्हा तर श्वासच घेतला नाही. तुम्हीच म्हणालात ना, हवा जपून वापरा."

प्रमुख निवृत्तीनंतर गुलाबांच्या बागेत रमले. समुद्राकडे फिरकले नाहीत. मला आई नव्हती; आमच्या लग्नात त्या पर्सवाल्या बाई माझ्या बाजूने उभ्या राहिल्या. प्रयोगशाळा वर काढून केंद्राच्या आवारात ठेवलीय, मुलं तिच्यात लपंडाव खेळतात.

पाणबुड्याला आता कवळी आहे. त्याला फिरून यायला जरा उशीर झाला, की अजूनही माझ्या काळजात धस्स होतं. दारात येऊन तो ओठांचा चंबू करतो... नुसती फुंकर निघते.

"ऐकू आली का?"

"खाली विचारून सांगते," मी म्हणते.