पंचनाम्यावरचा सहावा अंगठा

सन एकोणीसशे चव्वेचाळीस, चैत्र महिना, दुपारचे बारा. पोखर्णीच्या पुढे तीन कोसांवरच्या एका गावात जमिनीत खोदलेलं ज्वारीचं पेव उघडं होतं, आणि त्याच्या तोंडाशी परभणीच्या कचेरीतला, कागदपत्रं सांभाळणारा पेशकार बन्सीधर उभा होता.

काम नेहमीचंच. लेव्हीची, म्हणजे सरकारी सक्तीच्या वसुलीची ज्वारी काढून गाड्या भरायच्या आणि दिवेलागणीच्या आत परतायचं. लढाई गोऱ्या साहेबाची, फर्मान हैदराबादचं. पण गावात येऊन "काढा" म्हणणारा माणूस आपल्याच बोलीतला. राज्य असंच चालतं. हुकूम लांबून येतो, तो ऐकवायला घरचाच माणूस लागतो.

पेवाचा एक नेम आहे. तोंड अरुंद, पोट हौदासारखं. आत कोंडलेली हवा माणूस मारते. म्हणून तोंड उघडून एक दिवस-रात्र जाऊ द्यायची, मग दोराला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील जळत राहिला तरच माणूस उतरतो. गेल्या साली बन्सीधरला घाई होती, वरचे अंमलदार रेल्वेने यायचे होते. "कंदील-बिंदील राहू द्या, उतर तू," तो म्हणाला, आणि याच पेवात ग्यानबा नावाचा मजूर उतरला. पाटी भरली की खालून दोराला दोन हिसके द्यायचे, अशी खूण. त्या दिवशी दोर हललाच नाही.

पंचनामा बन्सीधरनेच लिहिला, उर्दूत. 'चोरीच्या इराद्याने, परवानगीवाचून उतरला.' पाच पंचांनी खाली अंगठे दिले. त्यातल्या एकालाही ती अक्षरं वाचता येत नव्हती.

आज तोच कागद त्याच्या थैलीत होता. पाटलाचा शिक्का झाला की प्रकरण बंद.

कंदील खाली शांत जळत होता. तरी कुणी उतरेना.

"हवा साफ हाय," त्या पाच पंचांपैकी एक, म्हातारा सटवाजी म्हणाला. "औंदा तुमीच उतरा की, पेशकारसाब. गेल्या साली लय घाई व्हती तुमाला."

कुणीतरी फिसकन हसलं. पेवापलीकडे ग्यानबाची बायको भिवराबाई बसली होती. तिच्याकडे नजर जाताच हसू विरलं.

"सायब, मी कचेरीत गेल्ते," ती म्हणाली. "म्हनलं, सरकारच्या कामात मालक गेला, कायतरी आधार द्या. तिथला चपराशी हसायला लागला. चोराच्या बायकोला आधार कशाचा, म्हने. चोर कशापायी वो? कागदात काय हाय ते वाचून दावा."

"आधी माल," बन्सीधर म्हणाला. हाताला काहीतरी काम हवं म्हणून त्याने स्वतःच दुसऱ्या दोराने रिकामी पाटी खाली सोडली. आंबूस, कोमट वास वर आला. पाटी टेकली. दोर सैल पडला.

आणि खालून दोन हिसके आले.

बन्सीधर पेवाच्या तोंडावर वाकला.

"खाली... कोण आहे?"

"कुनी न्हाई," सटवाजी हळूच म्हणाला. "समदी मानसं वर हायत. मोजून घ्या."

बन्सीधरने मनगटाला वेढा देऊन दोर ओढला. येईना. दुसरं टोक कुणीतरी धरलं होतं, ओढत नव्हतं, नुसतं धरून होतं.

"वाचा," भिवराबाई म्हणाली.

त्याने एका हाताने कागद काढला. "लिहिलंय की... सरकारी कामात... अपघाताने..."

दोर हातभर खाली गेला. मनगटाला पडलेला वेढा आवळला. त्याचा पाय घसरला, कडेची माती आत पडली. पडल्याचा आवाज मात्र आला नाही. खाली कंदील विझला.

"खरं वाचा वो..."

"चोरीच्या इराद्याने," तो ओरडलाच. "असं लिहिलंय. मी लिहिलंय. उतर म्हणून मीच सांगितलं होतं त्याला!"

दोर सुटला. पाटी वर आली तेव्हा काठोकाठ भरलेली होती, वरून तळव्याने सपाट केलेली. ग्यानबा भरायचा तशी.

भिवराबाईने त्या ज्वारीवरून हात फिरवला नाही. नुसतं पाहिलं.

"आता तसंच लिव्हा," ती म्हणाली.

"लिहितो, बाई."

त्या संध्याकाळी कचेरीत त्याने टाक शाईत बुडवला. नोकरी आठवली, पोरं आठवली. टाक पुसला, आणि कागद होता तसा दप्तराच्या बस्त्यात बांधला.

अठ्ठेचाळीसच्या भाद्रपदात निजामाचं राज्य गेलं. कचेरीत मराठी आली, अंमलदार नवे आले, बन्सीधर मात्र जागेवरच राहिला. उर्दू वाचणारा माणूस हवाच होता. जुने कागद मराठीत करायचं काम त्याच्याकडे आलं, आणि एक दिवस तो पंचनामाही आला. त्याने तर्जुमा केला. स्वच्छ, वळणदार मराठीत: 'चोरीच्या इराद्याने.'

नव्या अंमलदाराने मूळ कागद उजेडात धरला. "पंचांची नावं पाच. अंगठे सहा कसे?"

पाच अंगठे निळे, पार फिके पडलेले. सहावा काळा, कंदिलाच्या काजळीसारखा. अंमलदाराने त्यावर बोट ठेवलं. बोट काळं झालं.

समासात त्याने शेरा लिहिला: 'सहावा अंगठा कोणाचा, याचा पेशकारांकडून खुलासा घ्यावा.'

शेऱ्याखाली, वाचल्याची खूण म्हणून बन्सीधरची सही आहे. त्याखालची जागा कोरी आहे.